जंजिरा आपल्याच जिल्ह्यात आहे : आफ्रिकन वंशाचे कलावंत आणि आपण

'हबशी' हा शब्द आपल्याकडे सर्रास शिवी म्हणून वापरला जातो. वर्गातल्या काळ्यासावळ्या मुलाला, नाक्यावरच्या मित्राला, कबड्डीच्या संघातल्या एखाद्याला हे नाव चिकटते आणि चिकटवणाऱ्यांत आपल्या वस्तीतली मुलेही असतात. मुळात हबश म्हणजे आजचा इथिओपिया आणि आसपासचा प्रदेश. तिथला माणूस तो हबशी. एका समाजाचे साधे नाव दुसऱ्यांच्या तोंडी शिवी कसे बनते, हे आपल्याला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. तरीही आपण तो शब्द वापरतो. आपल्याच वधू-वर मेळाव्यांच्या परिचय पुस्तिकांत 'गोरी' हा शब्द किती वेळा येतो, तेही एकदा मोजून पाहावे.

आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेल्या गेलेल्या, किंवा नंतर पोटासाठी परदेशी गेलेल्या माणसांच्या वंशजांनी चित्रे, शिल्पे, गोधड्या आणि चित्रफिती यांच्या माध्यमातून गेल्या काही दशकांत फार मोठे काम उभे केले आहे. आम्ही कुठले? आम्हाला इथे कुणी आणले? जिथे जन्मलो ती भूमी आमची का मानली जात नाही? हे त्यांचे प्रश्न आहेत. या कलावंतांवर इंग्रजीत भरपूर लिहिले जाते, मराठीत तुरळक. आंबेडकरी चळवळीतल्या तरुणांना त्यांची ओळख असावी, म्हणून हा लेख. मात्र सुरुवात आम्ही न्यूयॉर्क-लंडनपासून करणार नाही. मोहोपाड्याहून पेण, अलिबाग, रेवदंडा करत मुरूडला एका दिवसात जाऊन येता येते, आणि तिथे भर समुद्रात आफ्रिकन वंशाच्या राज्यकर्त्यांचा किल्ला उभा आहे. सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

जंजिरा, खडकी, शरणपूर

जंजिऱ्याला आपल्या शाळांच्या सहली जातात. मुले शिडाच्या होडीतून किल्ल्यात उतरतात, कलालबांगडी तोफेजवळ फोटो काढतात आणि परत येतात. महादरवाजाजवळच्या दगडात पंजांत हत्ती पकडलेला वाघासारखा प्राणी कोरला आहे. तो कुणाच्या सत्तेची खूण होता, हे सांगायला कुणी थांबत नाही. सतराव्या शतकापासून 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन होईपर्यंत इथे सिद्दींची सत्ता होती. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा सगळा मुलूख त्यांच्या राज्यात होता. म्हणजे आज आपण ज्याला रायगड जिल्हा म्हणतो, त्याचा एक मोठा तुकडा तीनशे वर्षे आफ्रिकन वंशाच्या घराण्याच्या ताब्यात होता.

आपल्याला मात्र सिद्दी म्हणजे शत्रू एवढेच शिकवले गेले. पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर शाळकरी पोरालाही माहीत असतो. त्याच वेढ्याच्या वेळी नेताजी पालकरांसोबत शिवाजी महाराजांच्या बाजूने पन्हाळ्याच्या सुटकेसाठी लढलेला सिद्दी हिलाल किती जणांना माहीत आहे? याचा अर्थ सिद्दींना केवळ पीडित म्हणून रंगवावे असा नाही. जंजिऱ्याचे नवाब राज्यकर्ते होते, सारा वसूल करणारे होते. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे वंशज सत्ताधीशही होऊ शकतात, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य आहे आणि अमेरिकेतल्या गुलामगिरीपेक्षा तो इथेच वेगळा होतो.

मलिक अंबर हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत बगदादमार्गे दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान, जो स्वतःही हबशीच होता, त्याने त्याला विकत घेतले. पुढे हाच माणूस निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला, मुघलांना वर्षानुवर्षे दख्खनेत रोखून धरले, 1610 च्या सुमारास खडकी शहर वसवले, म्हणजे नंतरचे औरंगाबाद, आणि त्या शहराला नहर-ए-अंबरी ही पाणीयोजना दिली. 1624 ची भातवडीची लढाई त्याने जिंकली, तेव्हा शहाजीराजे त्याच्या बाजूने लढत होते. 1626 मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

बादशहा जहांगीरला प्रत्यक्षात मलिक अंबरला हरवता आले नाही. मग त्याने ते चित्रात करवून घेतले. अबुल हसन या दरबारी चित्रकाराने 1616 च्या सुमारास काढलेल्या चित्रात जहांगीर पृथ्वीगोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या मलिक अंबरच्या शिरावर बाण सोडतो आहे. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. चित्र काढून घेणारा कोण आणि चित्रात टांगला जाणारा कोण, याचा इतका उघड पुरावा क्वचितच सापडतो. पुढे ज्या कलावंतांची नावे येतील, ते याच व्यवस्थेला उत्तर देत आहेत, हे लक्षात ठेवावे.

तिसरी जागा नाशिकची. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची जहाजे पकडत असे. सुटका झालेल्यांपैकी अनेक आफ्रिकन मुले मुंबईत उतरवली गेली आणि त्यांतली काही नाशिकजवळच्या शरणपूर या मिशनरी वसाहतीत वाढली, तिथे हातकाम शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट हा डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या मोहिमेत सामील झाला. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यावर ज्या आफ्रिकन सोबत्यांनी त्याचे शव शेकडो मैल समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेले त्यांत तो होता, आणि 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीलाही तो हजर होता. 1875 मध्ये मोंबासाजवळ 'फ्रीरटाऊन' ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली, तेव्हा नाशिकमध्ये शिकलेली ही माणसे तिथे नेण्यात आली. तिथे त्यांना काय म्हणत? 'बॉम्बे आफ्रिकन'. नाशकात ते आफ्रिकन होते आणि आफ्रिकेत मुंबईचे. आम्हाला आमच्या पाहण्यात तरी या विषयावर मराठी चित्रकाराचे एखादे मोठे काम आढळलेले नाही. जे. जे. मध्ये किंवा इतरत्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी याचा जरूर विचार करावा.

नाव परत देणारी चित्रे

लुबैना हिमिद यांचा जन्म 1954 चा, झांझिबारचा. काही महिन्यांच्या असतानाच त्या आईसोबत इंग्लंडला आल्या. 2017 मध्ये त्यांना ब्रिटनचा टर्नर पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्यांचे 2004 चे 'नेमिंग द मनी' हे काम आपल्या वाचकांना सर्वांत जवळचे वाटेल, असे आमचे मत आहे.

त्यात लाकडी फळ्या कापून रंगवलेल्या शंभर माणूसभर उंचीच्या आकृती आहेत. प्रेक्षक त्यांच्यामधून चालत जातो. युरोपातल्या श्रीमंतांच्या जुन्या चित्रांत कोपऱ्यात एखादा काळा नोकर उभा असतो, हातात तबक किंवा कुत्र्याची साखळी. त्याचे नाव कुठेच नसते. हिमिद यांनी अशा शंभर जणांना पुढे आणून उभे केले: ढोलवादक, चांभार, नकाशे काढणारे, खेळणी बनवणारे. प्रत्येकाला आधी स्वतःचे खरे नाव आहे, मग मालकाने ठेवलेले नाव. आधीचा हुन्नर आहे, मग इथे लादलेले काम. आणि हा सगळा मजकूर हिशेबाच्या कागदावर लिहावा तसा पाठीवर लावलेला आहे, कारण या माणसांची नोंद इतिहासात कुठे असेल तर ती मालकाच्या जमाखर्चातच आहे.

हे वाचून आपल्या आज्या-पणज्यांची नावे आठवली नाहीत असा वाचक विरळा. कचरू, धोंडू, दगडी, नकोशी. शूद्राचे नाव तिरस्कार सुचवणारे असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात लिहिलेलेच आहे. ती मनुस्मृती 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जाळली गेली, म्हणजे पुन्हा आपल्याच जिल्ह्यात. धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांत राहुल, सिद्धार्थ, गौतमी, सुजाता, यशोधरा ही नावे आली. हा बदल आपल्याला इतका सवयीचा झाला आहे की त्यात काही मोठे घडले हे विसरायला होते. मलिक अंबरचे लहानपणीचे नाव 'चापू' असे सांगतात. 'अंबर' हे विकत घेणाऱ्याने ठेवले. एखाद्या वस्तीतल्या सगळ्या जुन्या माणसांची नावे, आधीची आणि नंतरची, अशी भिंतभर मांडली तर काय दिसेल?

कवंदी आणि गोधडी

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकन गुलामांतले अनेक जण पळून घाटावरच्या रानात शिरले. हे मुख्यतः त्यांचे वंशज. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत, आणि त्यांच्या बोलीत कोकणी, कानडी, मराठीची सरमिसळ आहे. 2003 मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

या समाजातल्या बाया जुन्या साड्या-कपड्यांच्या तुकड्यांची जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. आपल्या गोधडीशी, वाकळीशी तिचे नाते कुणालाही कळेल, पण शिवण्याची रीत बघण्यासारखी आहे. शिलाई कडेपासून सुरू होते आणि चारी बाजूंनी फिरत फिरत मध्यावर येऊन संपते. साचा नाही, आखणी नाही. हाताला येईल तो तुकडा आणि डोळ्याला पटेल तो रंग. शेवटी चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचे त्रिकोणी फूल लावतात. फूल नसेल तर कवंदी उघडी-नागडी वाटते, असे त्या म्हणतात. घरात बाळ येणार असेल तर छोटी, रंगीत कवंदी आधीच तयार होते.

2004 पासून हेन्री ड्र्यूअल या अमेरिकन कला-अभ्यासकाच्या पुढाकाराने या स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या शोम्बर्ग सेंटरमध्ये या कवंदींचे प्रदर्शन झाले. ज्या वस्तूला घरात 'फाटकंतुटकं जोडलेलं' म्हणतात, ती आफ्रिकन वंशाच्या संस्कृतीचा अभ्यास करणाऱ्या जगातल्या एका प्रमुख केंद्राच्या भिंतीवर लागली.

हे पहिल्यांदा घडले असे मात्र नाही. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची नदीकाठची वस्ती आहे. तिथल्या स्त्रिया कापसाच्या मळ्यावरच्या गुलामांच्या वंशज. कामावरचे झिजलेले डेनिम, शर्टांचे तुकडे जोडून त्या गोधड्या शिवत, थंडी घालवण्यासाठी. 2002 मध्ये त्या गोधड्या मोठ्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या आणि समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली. पुढे 2006 मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटे काढली. हार्लेममध्ये 1930 साली जन्मलेल्या फेथ रिंगोल्ड यांनी तर गोधडी हेच आपले माध्यम केले. मध्ये चित्र, कडेला कापडाचे तुकडे आणि कापडावरच लिहिलेली गोष्ट. 1988 च्या 'टार बीच' या कामात इमारतीच्या गच्चीवर उन्हाळ्याच्या रात्री झोपायला आलेले कृष्णवर्णीय कुटुंब आहे, आणि त्यातली छोटी मुलगी शहरावरून उडते आहे. 2024 मध्ये रिंगोल्ड वारल्या.

कापडाचाच दुसरा उपयोग यिंका शोनिबारे करतात. त्यांचा जन्म 1962 मध्ये लंडनला, बालपण नायजेरियात. आफ्रिकन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भडक रंगांच्या छापील कापडात ते युरोपी सरदारांचे पुतळे सजवतात. गंमत अशी की ते कापड मुळात आफ्रिकेचे नाहीच. इंडोनेशियाच्या बाटिकची नक्कल डच कारखान्यांनी केली आणि तो माल पश्चिम आफ्रिकेत खपला. तिथे तो इतका रुजला की आज तोच आफ्रिकेची ओळख आहे. 'अस्सल ओळख' म्हणून जे मिरवले जाते त्याच्या पाठीमागे असाच व्यापार आणि प्रवास असतो. संस्कृतीच्या शुद्धतेच्या गप्पा मारणाऱ्यांना हे कापड भेट द्यावे.

साठ पाट्या

जेकब लॉरेन्स आज हयात नाहीत आणि त्यांचे काम जुने आहे, पण त्यांच्याशिवाय स्थलांतराच्या चित्रकलेचा विषय पुढे जात नाही. पहिल्या महायुद्धापासून अमेरिकेच्या दक्षिणेतली लाखो कृष्णवर्णीय माणसे कापसाची शेते, कर्ज आणि झुंडशाहीचे खून यांना कंटाळून उत्तरेतल्या कारखान्यांकडे निघाली. लॉरेन्स यांनी 1940-41 मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, या प्रवासावर साठ चित्रे काढली. हार्लेमच्या ग्रंथालयात बसून त्यांनी अभ्यास केला, प्रत्येक चित्राला साध्या भाषेतली ओळ लिहिली. साठही पाट्या एकदम मांडून ते एकेक रंग सगळ्या पाट्यांवर लावत जात, म्हणून पूर्ण मालिका एका श्वासात बोलल्यासारखी दिसते. आज सम क्रमांकाची चित्रे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आणि विषम क्रमांकाची वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनमध्ये आहेत.

रेल्वे स्टेशनवरची गर्दी, बोचकी, कारखान्याच्या चिमण्या, एका खोलीत दाटीवाटीने झोपलेली माणसे. ही चित्रे पाहताना मोहोपाडा-रसायनीच्या माणसाला परके काहीच वाटणार नाही. 1960 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्समुळे, म्हणजे आपल्या एचओसीमुळे, आणि नंतर पाताळगंगा एमआयडीसीमुळे इथे बाहेरगावची कुटुंबे येऊन वसली. एचओसीचे रसायनी युनिट बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2017 मध्ये घेतला. कारखान्यासाठी आलेले कुटुंब कारखाना गेल्यावर कुठले? आणि कारखाना येण्याआधीपासून इथे असलेले कातकरी बांधव, जे दर वर्षी वीटभट्ट्यांवर बाहेर जातात आणि ज्यांच्या वाड्यांखालची जमीनही बहुतेक वेळा त्यांच्या नावावर नसते, ते तरी कुठले मानायचे?

परदेशातल्या कृष्णवर्णीय माणसाला विचारतात, 'तू मूळचा कुठला?' आपल्याकडे खोली भाड्याने घेताना विचारतात, 'आडनाव काय? गाव कोणते?' दोन्ही ठिकाणी उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असते. त्याला फक्त खात्री करून घ्यायची असते.

कारा वॉकर यांचे 2014 चे काम इथेच सांगायला हवे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला डॉमिनो साखर कारखाना पाडला जाणार होता. त्याआधी त्यांनी त्या ओस शेडमध्ये पांढऱ्या साखरेने मढवलेली एक अवाढव्य स्त्री-आकृती बसवली. देह स्फिंक्सचा आणि चेहरा, डोक्याचा रुमाल मळ्यावरच्या कृष्णवर्णीय दासीचा. भोवती काकवीच्या रंगाची टोपल्या वाहणारी मुले होती, ती उन्हाळ्यात हळूहळू वितळत गेली. कॅरिबियन बेटांवरची साखर गुलामांच्या हाडांवर पिकली, हे सांगायला वॉकर यांनी साखरच वापरली. बीडहून कोयते घेऊन निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांच्या महाराष्ट्रात, जिथे गर्भाशय काढून टाकलेल्या ऊसतोड बायकांच्या बातम्या येऊन गेल्या, तिथे साखरेचे असे शिल्प कुणी करायचे?

पाणी

घानात जन्मून इंग्लंडमध्ये वाढलेले जॉन अकोम्फ्रा यांची 2015 ची 'व्हर्टिगो सी' ही चित्रफीत एकाच वेळी तीन पडद्यांवर चालते. समुद्र, देवमाशांची शिकार, जहाजातून फेकलेले गुलाम, बुडणाऱ्या होड्यांतले आजचे निर्वासित. समुद्र सुंदर दिसतो आणि त्याच्या पोटात काय आहे ते विसरू देत नाही.

आपल्यासाठी पाण्याचा अर्थ चवदार तळ्यापासून सुरू होतो. पुण्याच्या राज्यश्री गुडी या कलावंताने तो हाताळला आहे. 20 मार्च 1927 च्या सत्याग्रहानंतर महाडच्या सनातन्यांनी तळे 'शुद्ध' करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही यांची 108 मडकी पाण्यात ओतली होती. राज्यश्री यांनी पाण्याची जात विचारणाऱ्या आपल्या मांडणीत 108 पेले ठेवले. दलित आत्मकथनांतल्या खाण्याच्या प्रसंगांवरून त्यांनी पाककृतींच्या पुस्तिकाही केल्या आहेत. भाकरतुकडा, चानी असे पदार्थ कृतीच्या थंड भाषेत वाचताना घास अडकतो.

प्रभाकर कांबळे यांनी 2022 च्या बर्लिन बिनालेत 'उतरंड' हे काम मांडले. एकावर एक रचलेली मडकी ही आपल्या स्वयंपाकघरातली वस्तू, आणि बाबासाहेबांनी सांगितलेल्या श्रेणीबद्ध विषमतेचे चित्रही; जर्मन प्रेक्षकाला ते समजावून सांगावे लागत असेल, आपल्याला नाही. विक्रांत भिसे हे मुंबईचे चित्रकार नामांतर, पँथर, महाड यांची चित्रे काढतात, ज्यांत गर्दीतल्या माणसांना चेहरे असतात. नागपूरचे सवी सावरकर त्यांच्या कितीतरी आधीपासून गळ्यात मडके अडकवलेला अस्पृश्य आणि देवदासी रंगवत आले आहेत. ज्यांना आफ्रिकन वंशाचे कलावंत समजून घ्यायचे आहेत त्यांनी आधी ही आपली माणसे पाहावीत, असा आमचा आग्रह आहे. विहारात फोटो लावणे आणि जयंतीला पोस्टर छापणे याच्यापलीकडे आंबेडकरी दृश्यकला बरीच पुढे गेली आहे आणि आपल्या बहुसंख्य तरुणांना तिची खबर नाही.

साम्य किती ओढावे

कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्या विद्यापीठापासून वर सांगितलेले शोम्बर्ग सेंटर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 1946 मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दिल्या जाणाऱ्या निवेदनाची प्रत मागितली आणि डू बॉईस यांनी उत्तरही दिले. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. 2001 च्या डर्बन परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न जगापुढे नेला, भारत सरकारच्या विरोधाला न जुमानता.

तरीही वंश आणि जात एक नव्हेत. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना स्पष्ट मांडले आहे की गुलामगिरी सक्तीची नव्हती, अस्पृश्यता सक्तीची होती. गुलामाला कायद्याने सुटण्याची वाट होती, अस्पृश्याला नव्हती. चित्रकलेतही हा फरक पडतो. कृष्णवर्णीय कलावंताला कातडीचा रंग हा विषय आयता मिळतो. जात अंगावर दिसत नाही. ती मडक्यात, आडनावात, पाण्याच्या पेल्यात, ताटात शोधावी लागते. म्हणूनच आमच्या मते राज्यश्री गुडी आणि प्रभाकर कांबळे वस्तूंकडे वळले. समाजमाध्यमांवर 'ब्लॅक लाइव्ज मॅटर'ची चित्रे उचलून त्यावर निळा रंग फासणारी पोस्टर्स आम्हाला म्हणूनच आळशीपणाची वाटतात.

आजचे आफ्रिकन शेजारी

नाते सांगायचे तर ते जिवंत माणसांशी सांगावे लागेल. 2013 मध्ये गोव्यात एका नायजेरियन तरुणाचा खून झाला. त्यानंतर न्याय मागणाऱ्या नायजेरियनांबद्दल एका मंत्र्याने 'कॅन्सर' हा शब्द वापरला. 2014 च्या जानेवारीत दिल्लीच्या खिडकी वस्तीत आफ्रिकन स्त्रियांच्या घरांवर रात्री धाड घातली गेली, तीही सत्तेतल्या मंत्र्याच्या पुढाकाराने. 2016 मध्ये बेंगळुरूत टांझानियाच्या विद्यार्थिनीवर जमावाने हल्ला केला. त्या घटनेनंतर महेश शांताराम या छायाचित्रकाराने भारतात राहणाऱ्या आफ्रिकनांची व्यक्तिचित्रे काढायला सुरुवात केली: भाड्याच्या खोलीत, पलंगावर, कमी उजेडात बसलेली, थेट आपल्याकडे पाहणारी माणसे. आपल्या पनवेल-खारघर-तळोजा पट्ट्यातही आफ्रिकन माणसे दिसतात. त्यांना खोली नाकारणारे, लोकलमध्ये त्यांच्या शेजारची जागा रिकामी सोडणारे सगळेच काही सवर्ण नसतात.

भारतीय सिद्दींची छायाचित्रे मुंबईच्या केतकी शेठ यांनी वर्षानुवर्षे काढली. 'अ सर्टन ग्रेस' हे त्यांचे कृष्णधवल पुस्तक 2013 मध्ये आले. अदबीने काढलेली, उत्तम छायाचित्रे आहेत. बेहरोज श्रॉफ यांनीही सिद्दींवर माहितीपट केले. पण एक प्रश्न उरतोच: सिद्दींचे चित्र सिद्दी कधी काढणार? गुजरातच्या जांबूर गावच्या हिराबाई लोबी यांना सिद्दी स्त्रियांमधल्या कामासाठी 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, कन्नड चित्रपटांत प्रशांत सिद्दी अभिनय करतात, कवंदी शिवणाऱ्या स्त्रिया आपल्या कामाची किंमत स्वतः घेतात. आपल्याबद्दल सवर्ण लेखक कळवळून लिहीत, तेव्हा आपण काय म्हणत होतो ते आठवले तर हा प्रश्न का विचारावा लागतो ते कळेल.

हे सगळे पाहायचे कुठे? शोम्बर्ग सेंटरचे 'आफ्रिकन्स इन इंडिया' हे 2013 चे प्रदर्शन इंटरनेटवर मोफत आहे. त्यात मलिक अंबरही आहे आणि जंजिऱ्याचे नवाबही. लॉरेन्स यांची साठही चित्रे ओळींसह पाहता येतात. आणि मुरूडला गेलात तर फक्त किल्ला पाहून परत येऊ नका. राजपुरीच्या बाजूला खोकरी गावात सिद्दी सरदारांच्या तीन दगडी कबरी आहेत, त्यांतली सर्वांत मोठी सिद्दी सुरूल खानाची. कमानींवरचे कोरीवकाम अजून शाबूत आहे. तिथे होडी लागत नाही, आणि गर्दीही नसते. चित्रवही सोबत न्यावी.